घोड्यावरून सुरत, गलबतातून बसरूर

जव्हार गावाच्या बाहेर शिरपामाळ नावाचा एक उंच माळ आहे. सुरतेवर जाताना शिवाजी महाराजांनी येथे तळ दिला, जव्हारचा कोळी राजा विक्रमशहा त्यांना सामोरा आला आणि त्याने त्यांच्या मस्तकी शिरपेच चढविला, म्हणून या माळाला शिरपामाळ हे नाव पडले, अशी परंपरा आहे. परंपरा दिवसही सांगते : ३१ डिसेंबर १६६३. त्यानंतर पाचच दिवसांनी, ५ जानेवारी १६६४ रोजी, महाराजांची फौज सुरतेच्या दक्षिणेस गणदेवीपाशी येऊन ठेपली होती, ही गोष्ट कागदोपत्री नमूद आहे. तेव्हा माळावरच्या कथेची तिथी प्रवासाच्या हिशेबात चपखल बसते. कथेतला शिरपेच कोणी खरा मानो वा न मानो, त्र्यंबकच्या बाजूने मोखाड्याचा घाट उतरून जव्हारवरून गुजराथेत जाणारी वाट खरी आहे आणि त्या वाटेने गेलेले घोडेही खरे आहेत.

या घोड्यांकडे पाहता पाहता एक प्रश्न मनात येतो. सुरत हे बंदर. मक्केच्या यात्रेकरूंचे, इंग्रज-डचांच्या वखारींचे, मोगलांच्या साऱ्या दर्यावर्दी व्यापाराचे ते नाक. अशा बंदरावर महाराज चालून गेले ते डोंगरातून, घोड्यावर बसून. आणि त्यानंतर अवघ्या तेरा महिन्यांनी दुसऱ्या एका श्रीमंत बंदरावर, कानडी मुलखातील बसरूरवर, ते गेले तेव्हा एकही घोडा बरोबर न घेता मालवणहून जहाजात बसून गेले. पहिल्या खेपेस जमीन का, दुसऱ्या खेपेस दर्या का? या एका प्रश्नाच्या पोटात मराठ्यांच्या आरमाराचे मर्म दडलेले आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे आरमाराची गोष्ट निघाली की बोलणे तोफांवर येते. इंग्रजांच्या जहाजावर किती तोफा, आपल्या गुराबेवर किती, समोरासमोर गाठ पडली तेव्हा कोण हटले, याचा हिशेब मांडला जातो. त्या हिशेबात आपली बाजू पुष्कळदा उणी पडते, आणि मग कोणी खंत करतो तर कोणी रागावून उणे ते अधिक करून दाखवितो. पण जहाज हे काही केवळ तरंगती तोफ नव्हे. जेथे घोड्याचा पाय पोचत नाही तेथे माणूस, धान्य आणि दारूगोळा नेऊन उतरविणे, हेही जहाजाचे काम आहे, आणि शिवकालीन गलबताने जन्मभर जी चाकरी केली ती मुख्यत्वे हीच. त्या चाकरीचा पाढा वाचल्याखेरीज त्याला बरेवाईट म्हणणे न्यायाचे होणार नाही.

प्रथम सुरतेचा विचार करू. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी महाराजांच्या हाती आली आणि स्वराज्याला खाडीचे पाणी लागले. १६५९ साली तेथे जहाजे बांधण्याचे काम चालू होते. त्यावर पोर्तुगीज कारागीर होते, आणि वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांना फूस लावून कामावरून काढून नेले, हे पोर्तुगिजांच्याच दप्तरातून उजेडात आले आहे. ज्याच्या शेजारात आपण जहाज बांधतो त्यालाच त्या जहाजाचे भय वाटावे, यातच सारे आले. कल्याणच्या खाडीतून बाहेर पडले की उत्तरेस वसईपासून दमणपर्यंत पोर्तुगिजांचा किनारा, दक्षिणेस जंजिऱ्याचा सिद्दी, आणि पलीकडे तापीच्या मुखाशी सुरत. चारच दिवसांत लूट करून निघून जायचे, मोगलांची कुमक येण्याच्या आत घाट चढून वर यायचे, तर घोड्यावाचून गत्यंतर नव्हते. लुटीचे ओझे घेऊन प्रतिकूल वाऱ्याची वाट पाहत खाडीत बसणे म्हणजे आपण होऊन पिंजऱ्यात शिरणे. म्हणून सुरतेची वाट शिरपामाळावरून गेली.

६ ते १० जानेवारी १६६४ या दिवसांत सुरत लुटली गेली. शहराचा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला. विरजी व्होरा, हाजी सैद बेग यांच्यासारख्या धनिकांची घरे खणून काढण्यात आली. इंग्रजांनी आपली वखार तेवढी राखली. लुटीचा आकडा एक कोटी रुपयांच्या आसपास धरतात. ही संपत्ती पुन्हा डोंगरातूनच वर गेली. जव्हारच्या वाटेचे मोल महाराज पुढेही विसरले नाहीत. १६७२ च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले आणि पाठोपाठ रामनगर घेतले, ते सुरतेचा रस्ता आपल्या मुठीत असावा म्हणूनच. शिरपेच देणाऱ्या दरबारालाही राजकारणाने सूट दिली नाही. पुढे जव्हारचे संस्थान लहान होऊन का होईना टिकले, ते १९४८ साली विलीन होईपर्यंत.

सुरतेचा पैसा आला आणि त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. मधल्या महिन्यांत जहाजांची बांधणी जोरात होती. १६६४ च्या जूनमध्ये सुरतेच्या इंग्रजांनी लिहून ठेवले आहे की, शिवाजी साठ फ्रिगेटी सज्ज करीत आहे, आणि कोणी म्हणतात तो मक्केहून येणारी जहाजे धरणार, कोणी म्हणतात खंबायतच्या आखातातून नदीने वर फौज नेऊन अहमदाबाद लुटणार. ती आवई खोटी ठरली. पण आवईचे स्वरूप पाहावे. जहाजे कशासाठी, या प्रश्नाला शत्रूला सुचलेले एक उत्तर ‘फौज नेऊन उतरविण्यासाठी’ हे होते. शत्रूचा तर्क गावाच्या नावात चुकला, हेतूत चुकला नाही.

आता ‘फ्रिगेट’ या शब्दाने कोणी फसू नये. पुढच्या काळात फ्रिगेट म्हणजे तीन डोलकाठ्यांचे, कुशीला तोफांची रांग असलेले मोठे युद्धजहाज. पण सतराव्या शतकातले इंग्रज आपल्या किनाऱ्यावरच्या लहानशा गलबतालाही फ्रिगेटच म्हणत. बखरींतून आणि कागदांतून गुराब, गलबत, तरांडे, शिबाड, मचवा अशी नावे येतात. त्यांतील गुराब आणि गलबत यांचे वर्णन अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या आरमाराच्या संदर्भात नीट करून ठेवले आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशेपासून तीनशे टनांपर्यंत. पुढचे टोक चिंचोळे नि लांब, त्यावरून समोर डागणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आतले. एक मोठे त्रिकोणी शीड, आणि चाळीस-पन्नास वल्ही. पुष्कळ गलबतांचा तक्तपोशीचा भार नको म्हणून वरची जमीन चिरलेल्या बांबूची केलेली. वारा पडला तरी वल्ह्यांवर ते तासाला चार मैल चाले.

हे वर्णन वाचले म्हणजे गलबत कशासाठी घडविले होते ते आपोआप कळते. ज्या जहाजाला पन्नास वल्ही आहेत त्यावर मुळातच माणसे फार. ज्याचा तळ उथळ आहे ते खाडीत कोसभर आत शिरू शकते आणि पुळणीवर माणसे थेट उतरवू शकते; त्याला धक्का लागत नाही, गोदी लागत नाही. ज्याची जमीन बांबूची आहे त्यावर जड तोफ चढविता येत नाही. तोफेची जागा माणसाला दिलेली ही रचना आहे. आणि घोडा? घोड्याला येथे जागाच नाही.

सिंधुदुर्गाच्या पायाभरणीस अडीच महिने होतात न होतात तोच, १६६५ च्या फेब्रुवारीच्या आरंभी, महाराज मालवणहून निघाले. कारवारच्या इंग्रजांच्या पत्रांत या तांड्याची मोजदाद आली आहे : तीन मोठी जहाजे आणि पंचाऐंशी फ्रिगेटी. लहान जहाजे तीस ते दीडशे टनांची होती, असे ग्रँट डफ सांगतो. बरोबर चार हजार माणूस. अठ्ठ्याऐंशी जहाजांत चार हजार म्हणजे जहाजामागे सरासरी पंचेचाळीस असामी. हा आकडा लढाऊ आरमाराचा वाटत नाही. सैन्य वाहणाऱ्या तांड्याचा वाटतो.

मालवण ते बसरूर हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. वाटेत गोवा, म्हणजे पोर्तुगिजांची राजधानी. त्याखाली काळी नदी, गंगावळी, अघनाशिनी, शरावती अशा मोठमोठ्या नद्यांची मुखे एकामागून एक. जमिनीने जायचे तर प्रत्येक मुखाशी होड्या जमवीत थांबावे लागते, वाटेत आदिलशाही ठाणी लागतात, आणि पोचेपर्यंत बातमी आपल्या आधी पोचलेली असते. दर्यातून गेले तर हे सारे अडथळे उजव्या-डाव्या हाताला राहून जातात. सुरतेस जो प्रश्न घोड्याने सोडविला तोच बसरूरला गलबताने सोडविला. उत्तरेकडे डोंगर मित्र होता आणि दर्या परक्यांचा. दक्षिणेकडे नद्या आडव्या होत्या आणि दर्या मोकळा. साधन बदलले, पण रीत तीच : शत्रूला चाहूल लागण्यापूर्वी त्याच्या दारात उभे राहायचे.

बसरूर हे केळदीच्या नायकांच्या राज्यातील बंदर, आजच्या उडुपी जिल्ह्यात कुंदापूरजवळ. मलबार किनाऱ्यावरचा तांदूळ आणि मसाल्याचा व्यापार येथून चाले. केळदीचा पराक्रमी राजा शिवप्पा नायक १६६० साली वारला होता आणि राज्याला उतरती कळा लागली होती. गलबते खाडीत शिरली, माणसे उतरली, शहर लुटले गेले. गोव्याच्या दारावरून अठ्ठ्याऐंशी जहाजे दक्षिणेस गेली नि काम उरकून परत फिरली.

परतताना महाराज गोकर्णास उतरले आणि तेथे तीर्थस्नान केले. मग त्यांनी बहुतेक जहाजे परत धाडली. चार हजार पायदळ बरोबर घेऊन ते अंकोल्याच्या वाटेने जमिनीवरून निघाले. बारा गलबते तेवढी ठेवून घेतली, ती वाटेतल्या नद्यांवर फौज पलीकडे उतरविण्यासाठी. या बारा गलबतांची नोंद मला फार मोलाची वाटते. लूट झालेली, तीर्थ झालेले, आता जहाजाची गरज काय, असे कोणी म्हणाला असता. पण या सेनापतीच्या लेखी गलबत हे फौजेचे अंग होते. फौज जमिनीवर चालू लागली तरी गलबते किनाऱ्याने तिच्या सोबत चालली. नदी आली की पूल, नदी संपली की पुन्हा शीड.

२२ फेब्रुवारीला ते कारवारजवळ आले. त्याच रात्री आदिलशाही सरदार शेरखान पाचशे माणसांनिशी अवचित तेथे दाखल झाला. बंदर लुटण्याचा बेत सोडावा लागला. व्यापाऱ्यांनी खंडणी गोळा करून दिली, तीत इंग्रजांच्या वखारीचा वाटा ११२ पौंडांचा होता. शेरखानाने आपली शिमग्याची शिकार बुडविली, असे महाराज जाताना बोलल्याचे इंग्रजांनी नोंदविले आहे.

या मोहिमेचा दुसरा चेहराही दाखविला पाहिजे. वायव्येच्या जोरदार वाऱ्याने जहाजांना परतीच्या वाटेवर अडवून धरले. वाऱ्याच्या मर्जीने राजाचे दिवस खर्ची पडले. आणि ते दिवस साधे नव्हते. ३ मार्च १६६५ रोजी मिर्झाराजे जयसिंग पुण्यात येऊन दाखल झाला. मार्च संपण्यापूर्वी पुरंदराला वेढा पडला, आणि जूनमध्ये तेवीस किल्ले देऊन तह करावा लागला. बसरूरची स्वारी झाली नसती तर पुरंदरचा तह टळला असता असे म्हणण्यास आधार नाही. जयसिंगाचे बळच मोठे होते. परंतु ज्याच्या शिरावर साऱ्या राज्याचा भार आहे त्याने स्वतः वाऱ्याच्या हाती जाणे किती जोखमीचे, हे या एका फेरीने दाखवून दिले. समुद्रावरून स्वतः केलेली महाराजांची ही पहिली मोहीम, आणि शेवटचीही. पुढे जहाजे धाडली ती सुभेदारांच्या हाताखाली. सभासदाने दर्यासारंग आणि मायनाक भंडारी अशी दोन नावे दिली आहेत. एक मुसलमान, एक भंडारी, दोघेही दर्याचे जाणते.

जहाजांची चाकरी पुढेही चालूच राहिली. १६७० च्या नोव्हेंबरात, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, एकशे साठ लहान जहाजांचा तांडा मुंबईसमोरून उत्तरेस गेला आणि मध्येच परत फिरविण्यात आला. जमिनीवरून फौज आणि पाण्यातून गलबते एकाच मोहिमेत चालवावयाची, हा बसरूरचाच धडा येथे मोठ्या आकारात गिरविलेला दिसतो. १६७६ साली मोरोपंत जंजिऱ्यावर चालून गेले, तेव्हाची लाय पाटलाची कथा कुलाब्याच्या किनाऱ्यावर अजून सांगतात. या कोळ्याने रात्री होड्यांतून जाऊन सिद्दीच्या तटाला शिड्या लावल्या. वर चढणारी माणसे वेळेवर पोचली नाहीत, उजाडू लागले, शिड्या काढून परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, तेव्हा दर्यात राहणाऱ्याला पालखी काय कामाची, असे तो म्हणाला. मग त्याला एक गलबत बांधून दिले आणि त्याचे नाव ‘पालखी’ ठेवले, अशी आख्यायिका आहे. माणसे वाहणाऱ्या जहाजाला याहून समर्पक नाव कोणते सापडणार?

पण या चाकरीची खरी कसोटी लागली ती १६७९ मध्ये, खांदेरीवर. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी आणि उंदेरी ही दोन खडकाळ बेटे आहेत. ऑगस्टच्या अखेरीस, पावसाळा पुरता सरला नसताना, मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि तट उभारू लागला. मुंबई बंदराच्या तोंडाशीच हे चालले असल्याने इंग्रज खवळले. त्यांनी बेटाभोवती जहाजे लावली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरू पाहत असता मारला गेला.

१८ ऑक्टोबरला दौलतखान चौलच्या बाजूने चाळीस-पन्नास गलबते घेऊन बाहेर पडला. समोरासमोर गाठ पडली. इंग्रजांचे ‘डोव्हर’ हे गुराब मराठ्यांनी धरले. परंतु कॅप्टन मिंचिन नि केग्विन यांच्या ‘रिव्हेंज’ने एकट्याने झुंज दिली, पाच गलबते बुडविली आणि बाकीची नागोठण्याच्या खाडीत पिटाळली. तोफांचा हिशेब मांडणारा येथे वही मिटतो आणि जय इंग्रजांचा लिहितो. तो चुकत नाही. त्या दिवसाची लढाई इंग्रजांनी जिंकली.

पण पुढे काय झाले? बुडालेल्या गलबतांनी बेट गेले नाही. दोन दिवसांतच उरलेली पुन्हा खाडीबाहेर दिसू लागली, आणि मग रात्रीमागून रात्र थळहून माणसे, धान्य, दारूगोळा आणि बांधकामाचे सामान बेटावर उतरत राहिले. इंग्रजांची जहाजे जड. वारा पडला की ती जागच्या जागी. गलबते वल्ह्यांवर त्यांच्या नजरेसमोरून निसटत, आणि मुंबईकरांची पत्रे या हतबलतेच्या कुरकुरीने भरलेली आहेत. नोव्हेंबरात सिद्दी आपले मोठे आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीस आला. तरी तट चढतच राहिला. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी पाय मागे घेतला. सिद्दीने जानेवारीत शेजारची उंदेरी तेवढी बळकावली. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले तेव्हा खांदेरी मराठ्यांकडे होती. लढाई हरूनही मोहीम जिंकण्याचा हा चमत्कार तोफेने केला नाही. रोज रात्री ठरल्या कामावर जाणाऱ्या वल्हेकऱ्यांनी तो केला.

हा अनुभव विसरला गेला नाही. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात राजनीती सांगितली, तीत आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंगच म्हटले आहे, आणि जहाजे मध्यम आकाराची, चालीला हलकी असावीत, वाऱ्याविना जागचे हलणार नाही असे धूड बांधू नये, असा उपदेश केला आहे. बांधणीसाठी राज्यातला साग घ्यावा, पण रयतेचे आंबे-फणस तिच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, हेही तेथेच सांगितले आहे. हे कोणा पुस्तकी पंडिताचे शहाणपण नव्हे. कारवारला वाऱ्याने अडविलेले दिवस आणि खांदेरीला वाऱ्याविना निसटलेल्या रात्री, दोन्ही या उपदेशामागे उभ्या आहेत.

आंग्र्यांच्या काळी ही रीत तशीच चालली. ऑर्म सांगतो, गुराबा दुरून तोफा डागून शत्रूच्या डोलकाठ्या मोडीत. मग दोनदोनशे, तीनतीनशे माणसांनी गच्च भरलेली गलबते चहूकडून त्याला भिडत आणि माणसे तलवार घेऊन वर चढत. येथेही गलबत माणूसच वाहते आहे, फक्त पुळणीच्या जागी शत्रूच्या जहाजाची तक्तपोशी आली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि जाळणाऱ्या इंग्रजांशी पेशव्यांनीच हातमिळवणी केली होती. कोकणचा दर्यावर्दी त्यानंतरही दर्यावरच राहिला, पण पुढे फार काळ त्याने वाहिली ती परक्यांची माणसे, परक्यांच्या युद्धांसाठी.

स्वतंत्र भारताच्या नौदलात किनाऱ्यावर फौज उतरविणारे पहिले मोठे जहाज १९४९ साली आले. ते महायुद्धाच्या काळातले, ब्रिटिशांकडून मिळालेले. त्याचे नाव ‘मगर’ ठेवण्यात आले. पाण्यातून येऊन जमिनीवर चढणाऱ्या प्राण्याचे नाव योग्यच म्हणायचे. ज्या कामासाठी आता खास जहाजे बांधतात, ते काम आपल्या किनाऱ्यावर बांबूच्या जमिनीची गलबते तीनशे वर्षांपूर्वी करीत होती.

२०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत सिंधुदुर्ग आहे आणि खांदेरीही आहे. दगड टिकतो, म्हणून त्याचा गौरव होतो. ज्यांनी तो दगड बेटावर वाहून नेला त्या गलबतांची एक फळीही उरलेली नाही. खांदेरीला जाणाऱ्याने तटाची उंची पाहावीच. पण क्षणभर मागे वळून थळची पुळणही पाहावी, आणि तेवढ्या पाण्यावरून, शत्रूच्या तोफांखालून, रात्रीच्या अंधारात किती खेपा झाल्या असतील याचा मनाशी अंदाज करावा.